जागल्यासाठी हुंकार

प्रफुल्ल, आधी एक गोष्ट सांगून टाकते: मी अजून हरलेली नाही. तुझी तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले, पिपरी मेघेतल्या आपल्या कामाच्या खोलीत तुझ्या टेबलावर धुळीचा थर बसला, तरी आपला वाद जिथे होता तिथेच आहे. तुझी खुर्ची नाचणगावला न्यायची का, असं तुझ्या घरून विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, काम चालू आहे. काम म्हणजे काय, तर दुपारी त्या खुर्चीकडे पाठ करून बसायचं आणि तिच्याशी भांडायचं.

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतात. शांत होता, मनमिळाऊ होता, कधी कुणाला उलटून बोलला नाही. मी मान हलवते आणि मनात म्हणते, हा कोण बुवा? माझ्या ओळखीचा प्रफुल्ल प्रोग्राममधल्या एका ओळीसाठी सबंध हिवाळा माझ्याशी भांडत होता. चहा थंड करायचा, उलटतपासणी घ्यायचा, स्वतः चुकला की खिडकीतून रस्त्यावरची वाहतूक बघायचा. मला तोच हवा आहे. तो मनमिळाऊ माणूस ज्याला हवा त्याने न्यावा.

कोणत्या ओळीवरून एवढं, असं परवा माझ्या नवऱ्यानेच विचारलं. मग मी तुझ्याच पद्धतीने सांगितलं. म्हटलं, मशीनच्या पोटात सगळ्यात आत एक प्रोग्राम असतो, कर्नल. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्याकडे पाळी मागतात. त्याच्याच आत एक पहारेकरीही असतो. इंग्रजीत त्याला वॉचडॉग म्हणतात, पण प्रफुल्ल तसं कधी म्हणाला नाही. शेतात रात्री पीक राखायला बसतो तो जागल्या, म्हणून हाही जागल्या. प्रोसेसरने अधूनमधून ‘मी आहे’ अशी खूण दिली की जागल्या निवांत असतो. बराच वेळ खूण आली नाही की तो समजतो, हा अडकला, आणि बोंब ठोकतो. सिंदीच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी दाबणारी प्रेस चालवायला आम्ही जी पेटी बसवली, तिच्यात तर तो नुसती बोंब ठोकून थांबायचा नाही, सगळी पेटी बंद करून पुन्हा सुरू करायचा. नवरा म्हणाला, मग बरोबरच आहे की. तेच तर, बरोबर नव्हतं.

ती जिनिंग मला आता स्वप्नात दिसते, आणि खरं सांगते, जागेपणी दिसली होती त्याहून ती फार वेगळी दिसत नाही. पत्र्याच्या फटींतून हिवाळ्याचं ऊन तिरपं उतरायचं आणि त्या उन्हात रुईचे तंतू तरंगायचे, खाली यायचं नावच घ्यायचे नाहीत. आवाज इतका, की काही वेळाने तो ऐकू येणंच थांबायचं. माणसं तोंड हलवताना दिसायची. तुझ्या भुवयांवर, मिशीवर, माझ्या ओढणीवर पांढरं साचत जायचं. त्यात मधेच प्रेस थांबली, दाबली जाणारी गाठ अर्ध्यावर तशीच फुगून राहिली आणि फिटर दिवाकरभाऊ हात पुसत आले.

“साहेब, हे मधातच काऊन बसून राह्यली? कालपासून असंच करून राह्यली.”

ऑफिसच्या कोपऱ्यातल्या त्या जुन्या पडद्यासमोर स्टूल ओढलंस आणि बसलास. पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं, आणि तू बघत होतास. पापणीसुद्धा हलत नव्हती तुझी. दिवाकरभाऊंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली, तरी तू तसाच. शेवटी ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बाई, साहेबाले बरं नाई का?”

“त्याले काई नाई झालं भाऊ,” मी म्हटलं. “तो काम करून राह्यला.”

मला हे सांगायची सवय होती. कॉलेजात असल्यापासून मी हे सांगत आले. व्हायवाच्या परीक्षकांना सांगितलं, तुझ्यासाठी आलेल्या मुलीकडच्यांना सांगितलं, बँकेतल्या माणसाला सांगितलं. तू गप्प झालास की लोकांना वाटायचं याचं काहीतरी बिघडलं, आणि मला ठाऊक असायचं की आत जोरात चालू आहे.

बऱ्याच वेळाने तू मान वर केलीस आणि हसलास. “अर्चना, पेटी अडकली नाई. ते बोलून राह्यली.”

तसंच होतं ते. एका सेन्सरची तार ढिली झाली होती. कर्नलला त्याबद्दल पुष्कळ सांगायचं होतं, आणि सांगायची वाट म्हणजे ती जुनी बारीक केबल. एक अक्षर पलीकडे पोचल्याशिवाय दुसरं निघायचं नाही. बिचारा प्रोसेसर अक्षरं ढकलत उभा होता, त्याला मागे वळून खूण द्यायला सवड नव्हती. आणि जागल्या कामात असलेल्याला मेलेला समजत होता.

तिथून आपली जुंपली. तुझं म्हणणं, एकच ओळ घालायची. “काम करनाऱ्यानं काम करता करता हुं म्हनायचं, बस. जागल्या बी खूश, आपन बी खूश.”

“अन् खरंच अडकला, अन् अडकून बी हुं म्हनत राह्यला त? मंग जागल्या कायले ठेवला?”

मला वाटत होतं, चार अक्षरं लिहावी, थांबावं, इतरांना पाळी द्यावी, मग पुढची चार लिहावी. म्हणजे खोटं हुं म्हणायची गरजच नाही. तू टेबलावर हात आपटलास. “मधात थांबता येत नाई, बाई! मशीन मरता मरता बोलून राह्यली असन त तिचं बोलनं मधात कोनी तोडते का? तेच त कामाचं असते, शेवटचं.”

तुझं बरोबर होतं. मशीन कोलमडताना जे लिहून जातं त्यावरूनच पुढे कळतं की झालं काय, आणि त्या वेळी कुणाला पाळीबिळी देता येत नाही. माझंही बरोबर होतं. दोघंही बरोबर असलेलं भांडण फार लांबतं, आणि आपण ते मनापासून लांबवलं.

एक गोष्ट तुला कधी म्हटली नाही, ती आता म्हणते. मुलगी झाल्यावर मी काम सोडून सिंदीला घरी बसले होते. आमच्या घरी दुकान. सगळे प्रेमाने वागायचे, आणि मला काय येतं हे कुणालाच माहीत नव्हतं. तू एक दिवस लॅपटॉप घेऊन आलास, पोरीच्या झोळीजवळ मांडी घालून बसलास आणि म्हणालास, “हे वाचून सांग, मी कुठं चुकून राह्यलो.” कशी आहेस नाही, काही नाही. मी चूक काढली. तू ती मानली नाहीस. आपण पोरगी उठेपर्यंत भांडलो. त्या दिवशी संध्याकाळी मी पोळ्या लाटताना गुणगुणत होते म्हणे, सासूबाई अजून सांगतात. तू मला शाबासकी कधी दिली नाहीस, प्रफुल्ल, पण बरोबरीचं भांडण दिलंस. त्याने मी परत माणसांत आले. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि हे तू ऐकलं असतंस तर पुन्हा खिडकीबाहेर बघत बसला असतास.

शेवटी तू तुझी ओळ पाठवलीस. हा कर्नल सगळ्या जगाचा सामायिक, आणि तो राखणारी माणसं जगभर विखुरलेली. कुणी बदल सुचवला की ते मेलवर एकेक अक्षर तपासतात. आपल्या भागाचा जो मुख्य, त्याला आपण म्हातारा म्हणायचो. पाहिला कुणीच नव्हता, कदाचित आपल्याहून लहानही असेल. म्हाताऱ्याने एका वाक्यात विचारलं: आणि तो खरोखरच अडकला असेल तर? माझाच प्रश्न, सातासमुद्रापलीकडून! मी खाली जाऊन गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणला आणि तुझ्यासमोर फोडला. तू एकही तुकडा घेतला नाहीस. संध्याकाळी पुडा मात्र रिकामा होता.

मग तुझ्या छातीत दुखलं.

दवाखान्यात तुझ्या उशाशीही एक जागल्या होता. बोटाला चिमटा, चिमट्याला तार, आणि पडद्यावर हिरवी रेघ. तू कूस बदललीस की चिमटा निसटायचा आणि मशीन गावभर ओरडायचं. सिस्टर धावत यायच्या, आणि तू गादीवरून म्हणायचास, “मी हाओ, सिस्टर, मी हाओ.” त्या रागवायच्या, चिमटा पुन्हा लावायच्या. मला हसू आवरायचं नाही. आपलं सगळं काम तिथे कुणीतरी नाटक करून दाखवत असल्यासारखं वाटायचं. बाहेर निंबाचा पाला हलत होता, खोलीत फिनाइलचा वास, आणि तू अंगाने बारीक दिसत होतास, पण डोळे तेच, आत जोरात काही चालू असल्याचे.

“मले सापडलं हाय, अर्चना.”

“काय?”

“म्हाताऱ्याले काय उत्तर द्यायचं ते. तुह्या बी तोंडाले कुलूप.”

“सांग मंग.”

“आता नाई. झोप येऊन राह्यली. उद्या येजो, उद्या सांगतो.”

मी म्हटलं, भाव खाऊ नको. तुझी चादर नीट केली आणि निघाले. उद्या आला. तू त्यात नव्हतास.

म्हणजे माझी पंचाईत बघ. तुझं उत्तर तुझ्यापाशी राहिलं. मी माझं काहीतरी शोधून पाठवावं, तर ते तुझंच आहे का, हे मला कधीच कळणार नाही. आणि खरं सांगू? उत्तर सापडलं की भांडण मिटणार, आणि भांडण मिटलं की त्या खोलीत मी एकटी उरणार. म्हणून मी ती फाइल उघडायची आणि मिटायची. पण जिनिंग थांबत नाही. तात्पुरतं म्हणून आपणच जागल्याला बंद करून ठेवलं होतं, आठवतं? कापूस ऐन भरात येत होता, आणि दिवाकरभाऊंचा फोन आला. “बाई, मशीन चालू हाय, पन मले भेव लागते. खरंच अडकली अन् प्रेसची प्लेट खाली येतच राह्यली त? पोरं हात घालतेत तिथं.” मी म्हटलं, करते. कसं करणार, ते माहीत नव्हतं.

त्या दिवसांत दुपारी टेबलावर डोकं ठेवलं की तू यायचास. पाठमोरा. तुझ्या शर्टावर रुई असायची आणि खोलीतही ती हळूहळू पडत राहायची, पंखा चालू असून उडायची नाही. तू लिहीत असायचास. मी विचारायची, सापडलं होतं ते काय? तू म्हणायचास, हुं. मी पुन्हा विचारायची. पुन्हा हुं. घाबरायला व्हायचं नाही, उलट फार बरं वाटायचं, की बसला आहे, चालू आहे याचं. मग डोळे उघडायचे. खालून भाजीवाल्याचा आवाज येत असायचा आणि माझ्या गालावर कीबोर्डची नक्षी.

एक दिवस मी नाचणगावला काकूंना भेटायला गेले. तुझी आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मीही बसले, सोलू लागले. आम्हा दोघींसाठी एवढे दाणे कशाला, असं मनात आलं, पण विचारलं नाही. मग काकू आपणहून बोलू लागल्या.

“तो लहान व्हता तवा त्याले कहानी लागे. राजाची. म्या सांगो अन् हा हुं हुं करे. हुंकार नाई देल्ला त मी कहानी सांगतच नव्हतो. डोये मिटून पडे अन् हुं म्हने. मले वाटे, ऐकून राह्यला. एक डाव म्या मधातच गप झालो, तरी याचं हुं चालूच! झोपला व्हता पोट्टा!” काकू हसल्या. तुझ्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

“मग?”

“मंग म्या नुसत्या हुं वर भरोसा ठेवनं सोडून देल्लं. मधात इचारो, सांग बरं, राजा आता कुठीसा हाय? मंघा नदीपाशी व्हता, आता जंगलात पोचला, असं सांगे त कहानी पुढं. नाई सांगता आलं त पांघरून टाको अंगावर.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आपल्याकडे प्रत्येक घरात गोष्ट अशीच सांगतात, हुंकार घेऊन. माझ्याही आजीने तशीच सांगितली, आणि मी शिकलेली बाई हिवाळाभर त्याच जागी घुटमळत होते. तू म्हणत होतास, हुं म्हणू द्या. मी म्हणत होते, म्हणू देऊ नका. राजा पुढे गेला का, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

“काकू, त्याले आठवे का हे?”

“काय मालूम. दवाखान्यात म्हने, माय, राजाची कहानी सांग. म्या म्हटलं, येडा झाला का रे, लोकं हासतीन. मंग सांगतली, हळू आवाजात.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “बाई, त्याचं काम अर्धं राह्यलं म्हनते ना तू? पुरं करजो.”

ती गोष्ट त्यांनी कोणत्या दिवशी सांगितली, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तू मला ‘सापडलं’ म्हणालास त्याच्या आधी, की नंतर? मी विचारलं नाही. आधीच, असं मी धरून चालले आहे. तेवढी मुभा मला दे.

परतीच्या बसमध्ये मी डोक्यातच लिहून काढलं. तुझी ओळ काढायची नाही. तिच्या डोक्यावर एक अट घालायची: मागच्या खुणेनंतर निदान एक अक्षर खरंच पलीकडे पोचलं असेल, तरच जागल्याला खूण द्यायची. अक्षर त्याच जागी अडून बसलं असेल तर गप्प राहायचं आणि जागल्याला त्याचं काम करू द्यायचं. बोलणं मधे तुटत नाही, आणि खोटा हुंकारही निघत नाही. देवळीच्या पुढे ऊन मऊ झालं होतं, रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून सांडलेला कापूस अडकला होता, आणि मी तुझ्याशी इतकं बोलत होते की शेजारची बाई सरकून बसली.

जिनिंगमध्ये आम्ही सेन्सरची तार मुद्दाम उपसली. जुन्या पडद्यावर अक्षरं रांगत राहिली, गाठ पूर्ण दाबली गेली, जागल्या एक शब्द बोलला नाही. मग मी प्रोसेसरला खरंच अडकवून ठेवलं. थोडा वेळ काहीच नाही, आणि मग त्याने अशी बोंब ठोकली की दिवाकरभाऊंनी टाळी वाजवली. “आता बराबर झालं, बाई.” उन्हात रुई तरंगतच होती. स्टुलावर कुणी नव्हतं. मी तिकडे पाहिलं नाही असं म्हणणार नाही, पाहिलं.

बदल तुझ्याच नावाने पाठवला. करणारा तू, खाली बारीक अक्षरांत अट घालणारी मी. काय झालं, तू कुठे आहेस, यातलं काही लिहिलं नाही. कामाच्या मेलमध्ये ते बसत नव्हतं, आणि मला ते लिहायचंच नव्हतं.

म्हाताऱ्याचं उत्तर तुला आलं, मला नुसती प्रत. त्याने लिहिलं: प्रफुल्ल, हे पटलं, घेतो. अशीच खोटी बोंब आणखी एका जागी उठते, सवड झाली की तिकडे बघशील का? मी ते वाचून खुर्चीत मागे टेकले. अख्ख्या जगात एक माणूस असा आहे, ज्याच्या लेखी तू नुसता कामात आहेस. त्याला तसंच समजू द्यावं असं वाटलं. मी उत्तर दिलं नाही. दिवस गेले. मग त्याची दुसरी मेल आली, या लोकांच्या रीतीप्रमाणे एकाच शब्दाची: पिंग. म्हणजे, आहेस का?

तुझ्या नावाने उत्तर देणं मला सहज जमलं असतं. तुझा पासवर्ड मला माहीत आहे, तुझी लिहायची ढबही. बघतो, थोडा वेळ लागेल, असं लिहिलं असतं तर म्हातारा आणखी कितीतरी महिने खूश राहिला असता, आणि मीही. बोटं कीबोर्डवर ठेवून मी बराच वेळ बसले. मग माझ्या नावाने लिहिलं. इंग्रजीत दोन छोटी वाक्यं, ओळख ना पाळख अशा माणसाला. तोवर मी ते पहिलं वाक्य कुणालाच म्हटलं नव्हतं. तेरवी झाली म्हणत होते, खुर्ची रिकामी आहे म्हणत होते, काकूंसमोर शेंगा सोलत होते. तुला आज इतकं सगळं लिहिलं, त्यातही ते टाळतच आले. पण जे परक्याला परक्या भाषेत कळवलं ते तुला आपल्या भाषेत सांगायला नको का?

तू गेलास, प्रफुल्ल. ते दुसरं काम मी बघते.